अमेरिकेतील फिजिशियन असिस्टंट: एका शिक्षणक्रमाची वाटचाल

फिजिशियन असिस्टंट, म्हणजेच पी.ए., हा अमेरिकेच्या वैद्यकव्यवस्थेतला तुलनेने नवा पेशा आहे. रुग्णाला तपासणे, निदान करणे, औषधे लिहून देणे, जखमेला टाके घालणे, शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या समोर उभे राहून मदत करणे ही सारी कामे पी.ए. करतो. त्याचा परवाना मात्र डॉक्टरचा नसतो. बहुतेक ठिकाणी तो एखाद्या डॉक्टरच्या किंवा रुग्णालयाच्या चमूशी जोडलेला असतो. आज या कामाचे शिक्षण पदवीनंतरच्या, साधारण २७ महिन्यांच्या मास्टर्स अभ्यासक्रमात मिळते. १९६५ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरी, ड्यूक विद्यापीठात हे शिक्षण सुरू झाले तेव्हा प्रवेशासाठी पदवी लागत नव्हती आणि दोन वर्षांनी हाती पडायचे ते केवळ प्रमाणपत्र.

हा पेशा जन्माला येण्याचे कारण डॉक्टरांच्या तुटवड्यात होते, आणि तुटवड्याची मुळे बरीच मागे जातात. १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. प्रयोगशाळा नसलेली, रुग्णालय नसलेली, फीवर चालणारी कितीतरी महाविद्यालये त्यानंतर बंद पडली किंवा दुसऱ्यांत विलीन झाली. पाव शतकात त्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. शिक्षणाचा दर्जा उंचावला यात शंका नाही. पण त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. कृष्णवर्णीयांसाठीच्या सातांपैकी पाच महाविद्यालये नाहीशी झाली, आणि खेड्यांना डॉक्टर पुरवणारी लहान विद्यालयेही गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर नवे डॉक्टर मोठ्या संख्येने विशेषज्ञ होऊ लागले. गावातला सर्व रोगांवर उपचार करणारा डॉक्टर म्हातारा होत गेला आणि त्याच्या जागी कोणी येईना. त्यातच जुलै १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना कायद्यात आल्या. वृद्ध आणि गरीब लोकांच्या उपचारांचा खर्च सरकार देणार होते, मात्र उपचार करायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न उरलाच होता.

ड्यूकच्या मेडिसिन विभागाचे प्रमुख यूजीन स्टेड या प्रश्नाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहत होते. महायुद्धाच्या काळात ते अटलांटातल्या ग्रेडी रुग्णालयात होते. निवासी डॉक्टर सैन्यात गेले, तेव्हा वॉर्ड चालवण्याचा भार वैद्यकीय विद्यार्थ्यांवर आला आणि त्यांनी तो पेलला. शिवाय युद्धकाळात संपूर्ण वैद्यकीय शिक्षण तीन वर्षांत बसवले गेले होते. नीट निवडलेल्या आणि रुग्णाजवळ बसवून शिकवलेल्या माणसाला कमी वेळात पुष्कळ काही शिकवता येते, ही स्टेड यांची पुढच्या आयुष्यातली धारणा या अनुभवातून पक्की झालेली दिसते.

त्यांनी सुरुवातीला परिचारिकांचा विचार केला होता. ड्यूकच्याच नर्सिंग शाखेतल्या थेल्मा इंगल्स यांच्याबरोबर १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अनुभवी परिचारिकांसाठी वरच्या पातळीचा अभ्यासक्रम आखला. परिचारिका त्यात उत्तम तयार झाल्या. पण नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तो मान्य केला नाही. डॉक्टरांची कामे परिचारिकांकडे सोपवणे तिला योग्य वाटले नाही. त्या संस्थेचा निर्णय वेगळा झाला असता तर पी.ए. हा पेशा कदाचित उभाच राहिला नसता. परिचारिकांनी पुढे आपली स्वतंत्र वाट काढली: १९६५ मध्येच कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण सुरू केले.

दुसरे उदाहरण स्टेड यांच्या राज्यातच होते. गार्लंड नावाच्या लहानशा गावात डॉ. ॲमॉस जॉन्सन यांनी बडी ट्रेडवेल या कृष्णवर्णीय सहायकाला वर्षानुवर्षे आपल्या हाताखाली तयार केले होते. ट्रेडवेल यांच्याकडे कोणतीही वैद्यकीय पदवी नव्हती, तरी दवाखान्यातली बरीच कामे ते विश्वासाने सांभाळत. त्यामुळेच डॉ. जॉन्सन यांना परिषदांना जाता येई आणि देशातल्या कुटुंबवैद्यांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवता आले. ड्यूकमधल्या डॉक्टरांना ही जोडी ठाऊक होती. १९६१ मध्ये डॉ. चार्ल्स हडसन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात, डॉक्टर नसलेल्या पण खास तयार केलेल्या सहायकांची कल्पना मांडली होती. तरी कल्पना आणि प्रत्यक्ष वर्ग यांत अंतर होते. वर्गात बसायला माणसे हवी होती, आणि ती नौदलातून आली.

अमेरिकी नौदलात वैद्यकीय शिपायाला कोअरमन म्हणतात. लहान जहाजावर किंवा पाणबुडीवर डॉक्टर नसतो. तिथे असतो तो एकटा कोअरमन. त्याच्यावर काय वेळ येऊ शकते हे ११ सप्टेंबर १९४२ रोजी पॅसिफिक महासागरात दिसले. ‘सीड्रॅगन’ ही पाणबुडी शत्रूच्या हद्दीत पाण्याखाली असताना एका खलाशाचे अपेंडिक्स सुजले. व्हीलर लाइप्स या २३ वर्षांच्या औषधविभागातल्या सैनिकाने अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर त्याची शस्त्रक्रिया केली. जखमेच्या कडा ताणून धरायला स्वयंपाकघरातले चमचे वाकवून घेतले होते आणि ईथर हुंगवायला चहाची गाळणी वापरली होती. रुग्ण वाचला. जॉर्ज वेलर यांनी शिकागोच्या वृत्तपत्रात या घटनेचे वृत्त दिले आणि १९४३ चे पुलित्झर पारितोषिक मिळवले. नौदलातल्या कित्येक डॉक्टरांना मात्र ही गोष्ट मुळीच आवडली नव्हती.

असा प्रसंग अपवादात्मकच. पण रोजच्या कामातही कोअरमन जखमा शिवत, सलाईन लावत, हाडे बसवत आणि गोळीबारात रक्तस्राव थांबवत. व्हिएतनाम युद्ध वाढत गेले तशी अशी माणसे दरवर्षी मोठ्या संख्येने सेवेतून मोकळी होऊ लागली. युद्धभूमीवर जीव वाचवणाऱ्या या तरुणांना नागरी जीवनात रुग्णालयातली साधी मदतनीसाची जागा मिळायची, कारण त्यांच्या कौशल्याला तिथे नावच नव्हते. हे कौशल्य वाया जाते आहे ही स्टेड यांची खंत रास्त होती, आणि त्यांच्या योजनेत सर्वांत माणुसकीची गोष्ट हीच म्हणायला हवी.

ऑक्टोबर १९६५ मध्ये चार माजी नौदल कोअरमन ड्यूकच्या पहिल्या वर्गात दाखल झाले. पहिले नऊ महिने वर्गातले शिक्षण होते: शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र, रोगांची ओळख, तपासणीची पद्धत. पुढचे पंधरा महिने वॉर्डातले होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांसारखीच त्यांना वेगवेगळ्या विभागांत पोस्टिंग मिळे. ते रुग्णाची माहिती विचारून घेत, केस पेपर लिहीत, राउंडला उभे राहत. युद्धकाळात वैद्यकीय शिक्षण जसे आवळले गेले होते, तोच साचा इथे वापरला होता. यामागचा विचार असा की विद्यार्थी कोरा नाही. हाताला काम ठाऊक आहे, त्यामागचे शास्त्र आणि कारणमीमांसा तेवढी शिकवायची आहे. दोन वर्षे पुरतील हे गणित या गृहीतकावरच उभे होते.

६ ऑक्टोबर १९६७ रोजी तिघे उत्तीर्ण झाले: व्हिक्टर जर्मिनो, केनेथ फेरेल आणि रिचर्ड शीली. तो स्टेड यांच्या वाढदिवसाचाही दिवस होता, आणि अमेरिकेत दरवर्षी याच तारखेपासून पी.ए. सप्ताह साजरा होतो. पुढच्याच वर्षी प्रेंटिस हॅरिसन हे पहिले कृष्णवर्णीय पी.ए. ड्यूकमधून बाहेर पडले. १९७० मध्ये जॉइस निकोल्स या पहिल्या महिला पी.ए. झाल्या. त्याही कृष्णवर्णीय होत्या आणि सैन्यातून नव्हे, परिचारिकेच्या कामातून आल्या होत्या. ज्या राज्यात काही वर्षांपूर्वीपर्यंत रुग्णालयांचे वॉर्डही वर्णानुसार वेगळे होते, तिथे हे घडले, याचे महत्त्व मोठे आहे.

नव्या पेशाचे स्वागत सगळीकडे झाले नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये ‘लुक’ या पाक्षिकात ड्यूकच्या प्रयोगावर लेख आला. पी.ए. हा परिचारिकेपेक्षा वरचा आणि डॉक्टरपेक्षा खालचा, असे त्याच्या मथळ्यातच होते. परिचारिका दुखावल्या, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता: वर्षानुवर्षे वॉर्ड सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या वर नुकत्याच आलेल्या पुरुषांना बसवले जात होते. ही तेढ विरायला फार काळ गेला.

कायद्याचा प्रश्न त्याहून नाजूक होता. परवान्याशिवाय वैद्यकी करणे गुन्हा असताना पी.ए. ने रुग्णाला हात कसा लावायचा? १९६६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या महाधिवक्त्यांनी मत दिले की डॉक्टरच्या देखरेखीखाली त्याचे काम चालू कायद्यात बसते. पण मत म्हणजे कायदा नव्हे. स्टेड यांच्यानंतर कार्यक्रमाची धुरा घेणारे डॉ. हार्वी एस्टेस आणि ड्यूकमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी मग कायद्याचा एक नमुना तयार केला. पी.ए. साठी अगदी नवी, ताठर परवानापद्धत उभारण्याऐवजी, डॉक्टरने जबाबदारी घेऊन सोपवलेले काम बेकायदा ठरू नये एवढी तरतूद करावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे पेशाला वाढायला जागा मिळाली. नॉर्थ कॅरोलायनाने १९७१ मध्ये कायदा केला. मात्र वैद्यकीय परवाने हा राज्यांचा विषय असल्यामुळे प्रत्येक राज्याने आपापल्या गतीने पाऊल टाकले. मिसिसिपीने पी.ए. ना मान्यता दिली ती थेट २००० मध्ये, आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार इंडियानात २००७ मध्ये मिळाला.

ड्यूकचा नमुना एकमेव नव्हता. वेस्ट व्हर्जिनियातल्या फिलिपी गावी, आल्डरसन-ब्रॉडस या लहान महाविद्यालयात डॉ. ह्यू मायर्स यांनी १९६८ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. बारावीनंतर लगेच येणाऱ्या मुलामुलींसाठी तो होता. सैन्यातला अनुभव तिथे गरजेचा नव्हता. अलाबामा विद्यापीठात हृदयशल्यविशारद जॉन कर्कलिन यांनी फक्त सर्जनचे सहायक तयार करायला घेतले. कोलोरॅडोत सिल्व्हर यांनी मुलांच्या आरोग्यासाठी वेगळा अभ्यासक्रम काढला, आणि पुढे मास्टर्स पदवी देणारा पहिला कार्यक्रम तोच ठरला.

सर्वांत वेगळी वाट सिअ‍ॅटलची होती. डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी नायजेरियात पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या परदेशसेवा योजनेचे डॉक्टर म्हणून काम केले होते, आणि मेडिकेअरच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या रुग्णालयांमधला वर्णभेद मोडून काढण्याच्या सरकारी मोहिमेतही ते होते. १९६९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात ‘मेडेक्स’ सुरू केला. यात पंधरा माजी सैनिकांना तीन महिने विद्यापीठात शिकवून थेट एका ग्रामीण डॉक्टरकडे वर्षभरासाठी पाठवले जाई. डॉक्टरची निवडही विद्यार्थ्याइतकीच काळजीपूर्वक होत असे, कारण शिक्षण संपल्यावर बहुधा तोच त्याला नोकरी देणार होता. शिकायला शहरात नेलेला माणूस शहरातच राहतो. शिक्षणच गावात ठेवले तर तो गावात राहील, असे हे सरळ तर्कशास्त्र होते. खेड्यांचा प्रश्न सोडवायला निघालेल्या सगळ्या योजनांमध्ये ही सर्वांत विचारपूर्वक आखलेली होती.

इतके वेगवेगळे कार्यक्रम झाले तेव्हा पी.ए. कोणाला म्हणायचे, हे ठरवणे भाग पडले. १९७१ च्या अखेरीस अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अभ्यासक्रमांसाठी किमान अटी ठरवल्या. त्याच वर्षी संघराज्य सरकारच्या मनुष्यबळ कायद्यातून अनुदान मिळू लागले आणि कार्यक्रमांची संख्या भराभर वाढली. १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली, आणि १९७५ पासून ती घेण्याचे काम एका स्वतंत्र आयोगाकडे आले. एकदा उत्तीर्ण होऊन भागत नव्हते. दर दोन वर्षांत शंभर तासांचे पुढील शिक्षण आणि दर सहा वर्षांनी फेरपरीक्षा असा नियम झाला. आता फेरपरीक्षेचे चक्र दहा वर्षांचे आहे. हा नियम झाला त्या काळी डॉक्टरांनाही एवढी फेरतपासणी बहुधा नसे. १९७७ च्या ग्रामीण दवाखान्यांच्या कायद्याने पी.ए. च्या कामाचे पैसे मेडिकेअरकडून मिळण्याची सोय झाली, आणि १९९७ च्या कायद्याने डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के दर सर्वत्र लागू झाला. पेशा टिकण्यामागे या रोकडीच्या तरतुदींचा वाटा अभ्यासक्रमाइतकाच आहे.

पदवीची शिडी हळूहळू चढली गेली. १९७० च्या दशकात प्रमाणपत्र, दोन वर्षांची महाविद्यालयीन पदविका आणि चार वर्षांची पदवी हे सगळे शेजारी शेजारी नांदत होते. परीक्षा सर्वांना एकच होती, त्यामुळे कागदावरच्या पदवीला फारसे महत्त्व नव्हते. १९९० च्या दशकात चित्र बदलले. ड्यूकसह एकेक विद्यापीठ मास्टर्स देऊ लागले. याला कारणे होती. दोन वर्षांत शिकवला जाणारा भाग तासांच्या हिशेबाने कित्येक मास्टर्स अभ्यासक्रमांपेक्षा जास्त भरत होता. येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांकडे आधीच पदवी असे. नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिओथेरपिस्ट वरच्या पदव्या घेऊ लागले होते, आणि पी.ए. त्यांच्याच बरोबरीने नोकरी मागत होते. अखेर मान्यता देणाऱ्या संस्थेने ठरवले की २०२० संपल्यानंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला मास्टर्सच मिळाली पाहिजे.

लहान संस्थांवर याचा घाव बसला. फूटहिल या सामुदायिक महाविद्यालयाबरोबर स्टॅनफर्ड विद्यापीठाचा जुना, प्राथमिक सेवेवर भर देणारा कार्यक्रम चालत असे; तो बंद होऊन २०१७ मध्ये त्याच्या जागी मास्टर्स आला. कोलोरॅडोतल्या रेड रॉक्स या सामुदायिक महाविद्यालयाला मास्टर्स देता यावी म्हणून विधिमंडळाकडून खास परवानगी मिळवावी लागली. सगळ्यांना असे जमणे शक्य नव्हते.

आजचा विद्यार्थी कार्यक्रमात पाऊल ठेवतो तेव्हा त्याच्या पाठीशी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन आणि संख्याशास्त्र घेऊन मिळवलेली पदवी असते. अर्ज २००१ पासून एका सामायिक केंद्रीय पद्धतीने जातो. बरेच कार्यक्रम रुग्णसेवेचे हजार-दोन हजार तास मागतात, म्हणून रुग्णवाहिकेवर, वृद्धाश्रमात किंवा डॉक्टरशेजारी बसून नोंदी लिहिण्याच्या नोकरीत मुले वर्ष-दोन वर्षे घालवतात. कोअरमनच्या अनुभवाची जागा आता या तासांनी घेतली आहे. पहिले वर्षभर वर्ग आणि शवविच्छेदन, नंतर सुमारे वर्षभर चार ते सहा आठवड्यांची एकेक पोस्टिंग: कुटुंबवैद्यक, मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग आणि प्रसूती, मानसिक आरोग्य, तातडीचा विभाग. रुग्णालयातले तास दोन हजारांवर जातात. शेवटी ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. १९६५ चा सांगाडा, म्हणजे आधी वर्ग आणि मग वॉर्ड, अजून जसाच्या तसा आहे. डॉक्टरला लागणाऱ्या निवासी प्रशिक्षणाची सक्ती इथे नाही, आणि विभाग बदलायचा तर नवी पदवी घ्यावी लागत नाही: हाडांच्या विभागातला पी.ए. पुढे त्वचारोगात जाऊ शकतो. तरुणांना या पेशाकडे खेचणाऱ्या गोष्टींत ही मोकळीक मोठी आहे.

आज असे ३०० हून अधिक कार्यक्रम आहेत आणि प्रमाणित पी.ए. ची संख्या १ लाख ७० हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत. पुरुष सैनिकांपासून सुरू झालेला पेशा साठ वर्षांत असा पालटला. मात्र शिक्षणाचा खर्च वाढला असून अनेकांच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज असते. कर्ज फेडायचे तर जास्त पगाराच्या शल्य आणि विशेष विभागांकडे ओढा राहतो. प्राथमिक सेवेत आता साधारण एक चतुर्थांशच पी.ए. उरले आहेत. मास्टर्सने पेशाला प्रतिष्ठा दिली हे खरे. त्याबरोबरच अनुभव असलेल्या पण पदवी नसलेल्या माणसासाठी उघडलेले दारही तिने अरुंद केले. हे नुकसान मान्य केल्याशिवाय या पेशाचा इतिहास पुरा होत नाही. सैन्याने मात्र स्वतःचे दार उघडे ठेवले आहे. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो इथे तिन्ही दलांचा आणि तटरक्षक दलाचा मिळून एक पी.ए. कार्यक्रम १९९६ पासून चालतो. त्यात साध्या सैनिकाला फी न भरता शिकता येते, आणि शेवटी तो अधिकारी होतो.

२०२१ मध्ये पेशाच्या राष्ट्रीय संघटनेने ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारले. ते लागू करणे राज्यांच्या हाती आहे, आणि डॉक्टरांच्या संघटनांचा त्याला विरोध आहे.

अमेरिकेबाहेरून शिकून गेलेल्या डॉक्टरांना या वाटेचा थेट उपयोग होत नाही. भारतातली एम.बी.बी.एस. किंवा बी.ए.एम.एस. पदवी असली तरी पी.ए. च्या परीक्षेला बसता येत नाही. तिथल्याच मान्यताप्राप्त कार्यक्रमातून बाहेर पडावे लागते. अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी डॉक्टर दांपत्यांना ही गोष्ट अनेकदा तिथे गेल्यावर कळते.

भारतात दोन पातळ्यांच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास उलट दिशेने गेला. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही कमी मुदतीची अर्हता घेतलेले डॉक्टर महाराष्ट्राच्या गावोगावी होते, आणि १९४० च्या दशकात देशातल्या सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळपास ३०,००० असे लायसेन्शिएट होते. १९४६ च्या भोर समितीने डॉक्टर एकाच पातळीचा असावा अशी शिफारस केली आणि ही पातळी संपली. लायसेन्शिएट स्वतंत्रपणे दवाखाना चालवत, पी.ए. तसा चालवत नाही, हा फरक आहेच. पी.ए. चे शिक्षण भारतात आले ते १९९२ मध्ये, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. हृदयशस्त्रक्रिया विभागात सर्जनच्या हाताशी प्रशिक्षित माणसे असावीत ही त्यामागची गरज होती, आणि अजूनही भारतीय पी.ए. प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांतच दिसतात. इथे हे शिक्षण बारावीनंतरचे, पदवीच्या पातळीवरचे आणि इंटर्नशिपसह पुरे होणारे आहे. पूरक आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याच्या यादीत फिजिशियन असोसिएटचा समावेश झाला, आणि त्यामुळे या पेशाला देशात प्रथमच वैधानिक चौकट मिळाली.